शस्त्रक्रियेच्या टेबलावरून येणारी कावीळ : रुग्णालयातील संसर्ग आणि आपले कर्तव्य

जुलै महिन्यातील दोन दिवस आपण जोडून लक्षात ठेवावेत असे आम्हांला वाटते. १४ जुलै रोजी ख्रिस्तसभा संत कमिल्लस द लेलिस यांचा सण साजरा करते. तरुणपणी सैनिक आणि जुगारी असलेला हा माणूस पायाच्या जखमेवर उपचार घेण्यासाठी रोममधील रुग्णालयात गेला, तेथील रुग्णांची हेळसांड त्याने डोळ्यांनी पाहिली आणि पुढे रुग्णसेवेसाठी एक संघच स्थापन केला. १८८६ साली ख्रिस्तसभेने त्यांना रुग्णांचे व रुग्णालयांचे आश्रयदाते घोषित केले. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, २८ जुलै रोजी, जगभर हिपॅटायटिस दिन पाळला जातो. हिपॅटायटिस बी या विषाणूचा शोध लावणारे नोबेल पारितोषिक विजेते शास्त्रज्ञ बारूक ब्लुम्बर्ग यांचा तो जन्मदिवस. रुग्णालयांचा संत आणि रुग्णालयांतूनही पसरू शकणारा रोग यांची ही कॅलेंडरातील जवळीक योगायोगाची असली, तरी ती विचार करायला लावणारी आहे. बरे होण्यासाठी जेथे आपण जातो, तेथूनच एखादा दीर्घ आजार घेऊन परतावे लागले, तर त्याची जबाबदारी कोणाची? या प्रश्नाचा ऊहापोह करण्याचा हा प्रयत्न आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, २०२२ मध्ये जगात सुमारे २५ कोटी ४० लाख लोक हिपॅटायटिस बी आणि सुमारे ५ कोटी लोक हिपॅटायटिस सी या जुनाट संसर्गासह जगत होते. त्या एका वर्षात विषाणूजन्य हिपॅटायटिसने सुमारे १३ लाख माणसे दगावली. भारतात बी चे सुमारे २ कोटी ९८ लाख आणि सी चे सुमारे ५५ लाख रुग्ण असल्याचा अंदाज त्याच अहवालात आहे. ह्या सर्वांना रुग्णालयात लागण झाली असे अर्थातच नव्हे. आपल्या देशात हिपॅटायटिस बी बहुतांशी मातेकडून बाळाला जन्माच्या वेळी किंवा कोवळ्या वयात होतो. परंतु सी चा प्रसार मुख्यतः रक्त आणि दूषित सुया यांतूनच झाला आहे, आणि बी ची लागणही सुईने होऊ शकते. म्हणजे या दुःखाचा काही भाग माणसाच्या हातून, तोही सेवा करणाऱ्या हातून, घडलेला आहे. तो टाळता येण्यासारखा होता, हीच त्यातील वेदना आहे.

कावीळ एक नव्हे

आपल्याकडे डोळे पिवळे झाले की सरसकट ‘कावीळ’ म्हटले जाते. गावोगावी चुन्याच्या पाण्यात हात धुऊन कावीळ ‘उतरविणारे’ आहेत, झाडपाल्याचे औषध देणारे आहेत. अनेकांना त्यांचा गुण येतो असा समज आहे. त्याचे कारण साधे आहे. दूषित पाण्यातून व अन्नातून होणारी ए आणि ई प्रकारची कावीळ बहुतेक निरोगी माणसांत काही आठवड्यांनी आपोआपच बरी होते, आणि श्रेय चुन्याच्या पाण्याला मिळते. (गरोदर स्त्रियांमध्ये मात्र ई प्रकार जीवघेणा ठरू शकतो, हे विसरू नये.)

बी आणि सी यांची गोष्ट वेगळी आहे. हे विषाणू रक्तातून आणि शरीरातील काही द्रवांतून पसरतात. एकत्र जेवल्याने, हस्तांदोलनाने, आलिंगनाने किंवा मिस्साच्या वेळी शेजारी बसल्याने ते पसरत नाहीत. प्रौढ वयात बी ची लागण झालेले बहुसंख्य लोक त्यातून बरे होतात. परंतु अर्भकावस्थेत लागण झाली तर दहांपैकी नऊ बालकांत तो कायमचा ठाण मांडतो. सी चा विषाणू तर निम्म्याहून अधिक बाधितांच्या यकृतात वर्षानुवर्षे राहतो. वीस-तीस वर्षे काहीही त्रास होत नाही आणि एके दिवशी यकृत आकसल्याचे किंवा यकृताच्या कर्करोगाचे निदान होते. तोपर्यंत बराच उशीर झालेला असतो.

हिपॅटायटिस बी चा विषाणू विलक्षण चिवट आहे. शरीराबाहेर, सुकलेल्या रक्ताच्या डागातही, तो किमान सात दिवस जिवंत राहू शकतो. लस न घेतलेल्या परिचारिकेला बाधित रुग्णाची सुई टोचली तर लागण होण्याची शक्यता ६ ते ३० टक्क्यांपर्यंत असते. एच.आय.व्ही.च्या बाबतीत हेच प्रमाण सुमारे ०.३ टक्के आहे. तरीही आपल्या समाजात, आणि रुग्णालयांतही, भीती वाटते ती एड्सची. हिपॅटायटिसकडे मात्र कोणी फारसे गांभीर्याने पाहत नाही.

तीन देश, तीन घटना

रुग्णालयातील संसर्ग कसा घडतो हे समजण्यासाठी प्रत्यक्ष घडलेल्या काही घटना पाहणे उपयुक्त ठरेल.

पहिली घटना स्पेनमधील व्हॅलेन्सिया शहरातली. १९९८ च्या आरंभी तेथे शस्त्रक्रिया झालेल्या अनेक रुग्णांना हिपॅटायटिस सी झाल्याचे लक्षात येऊ लागले. त्यांच्या शस्त्रक्रिया वेगवेगळ्या होत्या, शल्यविशारद वेगळे होते. समान दुवा एकच होता, तो म्हणजे भूलतज्ज्ञ डॉ. हुआन माएसो. वेदनाशामक अमली औषधाचे व्यसन असलेला हा डॉक्टर रुग्णासाठी आणलेले औषध आधी स्वतःला टोचून घेई आणि उरलेले रुग्णाला देई, असा निष्कर्ष न्यायालयाने काढला. १९८८ ते १९९७ या काळात २७५ रुग्णांना त्याच्यामुळे लागण झाली आणि त्यांपैकी चौघांचा मृत्यू झाला, असे ठरून २००७ साली त्याला एकूण १,९३३ वर्षांची शिक्षा सुनावण्यात आली. विषाणूंच्या जनुकीय रचनेची तुलना करून हा संबंध शास्त्रज्ञांनी न्यायालयापुढे मांडला होता. एका माणसाचे व्यसन हे या प्रकरणाचे मूळ खरे. पण सुमारे दहा वर्षे ते कोणाच्याच लक्षात येऊ नये, हा व्यवस्थेचा दोष होता. अमली औषधांचा हिशेब चोख ठेवला गेला असता आणि रुग्णांचा पाठपुरावा झाला असता, तर २७५ हा आकडा इतका वाढला नसता.

दुसरी घटना अमेरिकेतील लास व्हेगास येथील. २००८ च्या प्रारंभी तेथील एका एंडोस्कोपी केंद्रात उपचार घेतलेल्या रुग्णांत हिपॅटायटिस सी आढळला. येथे कोणी व्यसनी नव्हता. भूल देण्याच्या औषधाची एक कुपी एकाच रुग्णासाठी वापरायची असते. तेथे मात्र उरलेले औषध दुसऱ्या रुग्णासाठी वापरले जाई. रुग्णाला जास्तीचे औषध लागले की सुई बदलली जाई, पण सिरिंज तीच राही. सुई नवी असली तरी सिरिंजमध्ये आलेले सूक्ष्म रक्त कुपीत उतरे आणि त्या कुपीतून पुढच्या रुग्णाच्या शिरेत जाई. ‘सुई बदलली म्हणजे झाले’ हा समज किती घातक आहे हे यावरून दिसते. या केंद्रात व त्याच्या संलग्न केंद्रात उपचार घेतलेल्या साठ हजारांहून अधिक लोकांना रक्ततपासणी करून घेण्याचे आवाहन करावे लागले. २०१३ साली केंद्राच्या मालक डॉक्टरला जन्मठेपेची शिक्षा झाली. वाचली होती ती काही डॉलरची औषधे आणि सिरिंजा.

तिसरी घटना आपल्या शेजारची. २००९ च्या सुरुवातीला गुजरातमधील साबरकांठा जिल्ह्यात, मोडासा परिसरात, हिपॅटायटिस बी ची भीषण साथ आली. चारशेहून अधिक रुग्ण आणि ऐंशीहून अधिक मृत्यू नोंदले गेले. चौकशीत असे दिसून आले की, अनेक रुग्णांनी त्या आधीच्या काही महिन्यांत खाजगी दवाखान्यांत इंजेक्शने घेतली होती आणि तेथे सिरिंजा पुन्हा पुन्हा वापरल्या जात होत्या. काही डॉक्टरांना अटक झाली. वापरलेल्या सुया, सिरिंजा आणि वैद्यकीय कचरा गोळा करून तो पुन्हा बाजारात विकण्याचा धंदाही या निमित्ताने उघडकीस आला. आमच्या मते या प्रकरणात सर्वांत अस्वस्थ करणारी बाब ही की मरण पावलेले बहुतेक लोक कोणत्याही मोठ्या आजारासाठी नव्हे, तर ताप, अंगदुखी, अशक्तपणा अशा साध्या तक्रारींसाठी डॉक्टरांकडे गेले होते.

पहिल्या घटनेत व्यसन, दुसरीत काटकसर आणि तिसरीत हलगर्जीपणा व लोभ दिसतो. परंतु संसर्गाचा मार्ग तिन्ही ठिकाणी एकच आहे : एका माणसाचे रक्त, डोळ्यांना न दिसणाऱ्या मात्रेत, दुसऱ्याच्या शरीरात जाणे.

लक्षात का येत नाही?

वाचकांच्या मनात प्रश्न येईल की, इतके गंभीर प्रकार घडत असताना ते वेळीच उघडकीस का येत नाहीत? याचे मुख्य कारण काळाचे अंतर हे आहे. शस्त्रक्रियेनंतर टाके पिकले तर रुग्ण आठवड्याभरात डॉक्टरांकडे येतो आणि दोष कोठे आहे हे कळते. हिपॅटायटिस बी ची लक्षणे मात्र दीड ते सहा महिन्यांनी दिसतात आणि सी ची बहुतेक वेळा दिसतच नाहीत. हर्नियाची शस्त्रक्रिया फेब्रुवारीत झाली आणि डोळे जुलैत पिवळे झाले, तर रुग्ण म्हणतो, ‘पावसाळ्यातले पाणी बाधले.’ शस्त्रक्रियेची आठवण कोणालाच होत नाही.

अनेकांना आपल्या संसर्गाचा पत्ता फारच अनपेक्षित ठिकाणी लागतो. धर्मग्रामातील रक्तदान शिबिरात रक्त दिल्यानंतर रक्तपेढीचा निरोप येतो. आखाती देशांत नोकरीसाठी जाणाऱ्या आपल्या तरुणांची वैद्यकीय तपासणी होते, तिच्यात हिपॅटायटिस बी व सी च्या चाचण्या असतात, आणि अहवाल प्रतिकूल आला की ‘अपात्र’ असा शिक्का बसतो. व्हिसासाठी काढलेले कर्ज, सोडलेली नोकरी, घरच्यांच्या अपेक्षा हे सारे एका कागदाने कोसळते. कित्येकांना ‘हा आजार मला कसा झाला?’ याचे उत्तर कधीच मिळत नाही. वर लोक चारित्र्यावर संशय घेतात तो वेगळाच.

शस्त्रक्रियेपूर्वीची चाचणी आणि एक मोठा गैरसमज

आज बहुतेक रुग्णालयांत शस्त्रक्रियेपूर्वी एच.आय.व्ही., हिपॅटायटिस बी आणि हिपॅटायटिस सी या तीन चाचण्या केल्या जातात. रुग्णाला आजार वेळीच कळावा आणि त्याच्यावर उपचार व्हावेत, हा हेतू असेल तर या चाचण्या स्वागतार्ह आहेत. परंतु पुष्कळदा त्यांचा उपयोग भलताच होतो. अहवाल ‘पॉझिटिव्ह’ आला की ‘आमच्याकडे सोय नाही, मोठ्या हॉस्पिटलात जा’ असे सांगितले जाते. कोठे वेगळ्या ‘किट’च्या नावाने जादा आकार लावला जातो, तर कोठे रुग्णाच्या खाटेवर सर्वांना दिसेल अशी पाटी लटकवली जाते.

हे वर्तन ख्रिस्ती नीतीला धरून नाही, हे तर उघड आहे. ते वैद्यकीय दृष्ट्याही निरर्थक आहे. लागण झाल्यानंतर काही आठवडे चाचणीत विषाणूचा मागमूस लागत नाही. अपघातात जखमी होऊन आलेल्या रुग्णाच्या चाचण्या करायला वेळच नसतो. त्यामुळे ‘निगेटिव्ह’ अहवाल पाहून जे कर्मचारी निर्धास्त होतात, ते स्वतःला आणि पुढच्या रुग्णाला धोक्यात घालतात. म्हणूनच वैद्यकशास्त्राने फार पूर्वी वेगळा नियम घालून दिला : प्रत्येक रुग्णाचे रक्त बाधित आहे असे मानूनच काम करावे. प्रत्येकासाठी तेच हातमोजे, तीच दक्षता आणि तेच निर्जंतुकीकरण. हा नियम पाळला तर पॉझिटिव्ह रुग्णाला नाकारण्याचे कारणच उरत नाही, आणि तो पाळला जात नसेल तर ते रुग्णालय कोणत्याच रुग्णासाठी सुरक्षित नाही. आम्हांला हा मुद्दा कळीचा वाटतो. जे रुग्णालय बाधित रुग्णाला दाराबाहेर काढते, ते इतर रुग्णांना सुरक्षित ठेवत नसून आपल्या व्यवस्थेवर आपलाच विश्वास नसल्याची कबुली देते.

एच.आय.व्ही. बाधितांना भेदभावापासून संरक्षण देणारा कायदा २०१७ साली आपल्या संसदेने संमत केला. हिपॅटायटिसच्या रुग्णांसाठी असा स्वतंत्र कायदा नाही. तो यावा यासाठी आवाज उठविणे हे समाजातील सुजाण घटकांचे काम आहे.

संसर्ग उलट दिशेनेही होऊ शकतो. १९९१-९२ मध्ये अमेरिकेत लॉस एंजेलिस येथे छातीच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या एका तरुण शल्यविशारदाकडून १९ रुग्णांना हिपॅटायटिस बी ची लागण झाली. त्याच्या कामात कोणतीही हयगय आढळली नाही. शस्त्रक्रियेच्या वेळी हातमोज्यांना व बोटांना बारीक इजा होत राहतात, एवढे कारण पुरेसे ठरले. हिपॅटायटिस बी ची लस तेव्हा उपलब्ध होती. डॉक्टरांनी लस घेणे ही केवळ त्यांची वैयक्तिक बाब नसून रुग्णाच्या सुरक्षेचा भाग आहे, हे या घटनेने दाखवून दिले.

उपाय ठाऊक आहेत

समाधानाची गोष्ट ही की, हा संसर्ग रोखण्याचे उपाय नवे नाहीत, फार खर्चिकही नाहीत. एक सुई, एक सिरिंज, एक रुग्ण, एकदाच, हा पहिला नियम. एकदा वापरल्यानंतर आपोआप निकामी होणारी सिरिंज बाजारात उपलब्ध आहे. शासकीय लसीकरणात तीच वापरली जाते. एकाच रुग्णासाठी असलेली औषधाची कुपी दुसऱ्यासाठी वापरू नये, हा दुसरा नियम.

तिसरा नियम उपकरणांच्या शुद्धीकरणाचा. येथे बारकाव्याकडे लक्ष द्यायला हवे. रोगजंतू मारण्यापूर्वी उपकरण घासून धुणे आवश्यक असते. सांध्यात किंवा नळीत सुकलेले रक्त राहिले, तर त्याच्या आड विषाणू सुरक्षित राहतो. त्यानंतर वाफेच्या दाबाच्या यंत्रात, म्हणजे ऑटोक्लेव्हमध्ये, १२१ अंश सेल्सिअसला ठरावीक वेळ ठेवल्यावर उपकरण निर्जंतुक होते. यंत्र खरोखर काम करते आहे की नाही हे पाहण्यासाठी विशिष्ट जिवाणूंच्या बीजाणूंची चाचणी नियमितपणे करायची असते. परंतु दुर्बिणीच्या शस्त्रक्रियांची नाजूक उपकरणे महाग असतात. एकच संच आणि सकाळच्या यादीत चार रुग्ण, अशी स्थिती असली की, दोन शस्त्रक्रियांच्या मधल्या वेळात उपकरणे रसायनात बुडवून काढली जातात. वीस मिनिटे बुडविल्याने पुष्कळ जंतू मरतात, सर्व नव्हे. आणि आधी नीट धुतलेच नसेल तर त्याचाही भरवसा नाही. संपूर्ण निर्जंतुकीकरणासाठी त्याच रसायनात कित्येक तास लागतात. घाई आणि काटकसर यांचे दुष्परिणाम नेमके येथे दिसतात.

चौथा नियम कर्मचाऱ्यांच्या लसीकरणाचा. शून्य, एक आणि सहा महिने अशा तीन मात्रांत हिपॅटायटिस बी ची लस पूर्ण होते. १९९७ साली हैदराबादच्या शांता बायोटेक कंपनीने ही लस देशात तयार केली आणि तिची किंमत सामान्यांच्या आवाक्यात आली. तरीही रुग्णालयात सर्वाधिक धोका पत्करणाऱ्यांनाच ती अनेकदा मिळालेली नसते. डॉक्टर आणि परिचारिका लस घेतात. पण रक्ताने माखलेल्या चादरी उचलणाऱ्या मावशी, लादी पुसणारे वॉर्डबॉय, कचऱ्याच्या पिशव्या वाहणारे कंत्राटी कामगार यांचे काय? पिशवीतून बाहेर आलेली सुई टोचली तर नोंद कोठे करायची, हेही त्यांना सांगितलेले नसते. खरे तर अशा वेळी शक्य तितक्या लवकर, चोवीस तासांच्या आत, उपचार सुरू केल्यास बी ची लागण बहुतांशी टाळता येते. वैद्यकीय कचऱ्याच्या विल्हेवाटीचे नियम देशात १९९८ साली आले आणि २०१६ साली ते अधिक कडक झाले. मोडासाची घटना पहिल्या नियमांच्या अकरा वर्षांनंतरची आहे, हे लक्षात घेतले म्हणजे नियम असणे आणि ते पाळले जाणे यांतील अंतर कळते.

रक्त संक्रमणाच्या बाबतीत आपल्या देशाने बरीच मजल मारली आहे, हेही नमूद करायला हवे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देण्यावर बंदी आली. दान केलेल्या प्रत्येक रक्तपिशवीची बी आणि सी साठी चाचणी बंधनकारक आहे. म्हणजे इच्छाशक्ती असली की सुधारणा होते.

रुग्ण आणि नातेवाईक काय करू शकतात?

सगळा दोष डॉक्टरांवर ढकलणे अन्यायाचे ठरेल. ‘डॉक्टरांनी सुई मारली नाही, मग कसले औषध?’ असे म्हणणारे आपणच असतो. अशक्तपणा वाटला की सलाईन लावून घेण्याचा आग्रह आपणच धरतो. जे औषध गोळीने तितकेच परिणामकारक ठरते, ते इंजेक्शनने घेण्याचा हट्ट सोडला तर धोक्याचा मोठा भाग तेथेच संपेल.

इंजेक्शन घेताना सिरिंजचे पाकीट आपल्यासमोर फोडण्यास सांगावे. शस्त्रक्रियेपूर्वी शांतपणे व आदराने काही गोष्टी विचाराव्यात : उपकरणे ऑटोक्लेव्ह केली जातात का? भुलीच्या औषधाची कुपी माझ्यासाठी स्वतंत्र असेल का? कर्मचाऱ्यांचे लसीकरण झाले आहे का? चांगल्या डॉक्टरला या प्रश्नांचा राग येत नाही. वेळ असेल तर रुग्णानेही आधी लस घ्यावी. डायलिसिसची गरज लागू शकेल अशा मूत्रपिंडाच्या रुग्णांनी तर ती लवकरात लवकर घ्यावी. महाराष्ट्रात २०२१ साली दुरुस्त झालेल्या शुश्रूषागृहांच्या नियमांनुसार रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे आवश्यक आहे आणि तक्रार करण्याची सोयही ठेवायची आहे. ती सनद आपण थांबून वाचतो का?

ज्यांची चाचणी पॉझिटिव्ह येते त्यांनी खचून जाऊ नये. हिपॅटायटिस सी वर आज साधारण बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी ९५ टक्क्यांहून अधिक रुग्ण पूर्ण बरे होतात. बी पूर्णपणे जात नसला तरी, गरज असलेल्यांनी नियमित गोळ्या घेतल्यास यकृत सुरक्षित राहते. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात निदान व उपचार विनामूल्य आहेत. घरातील इतरांनी तपासणी करून लस घ्यावी, आणि नवजात बालकाला जन्मानंतर चोवीस तासांच्या आत लसीची पहिली मात्रा द्यावी. झाडपाल्यात वेळ दवडू नये.

इजिप्त देशाचे उदाहरण येथे बोलके आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे एका कृमिरोगाच्या निर्मूलनासाठी सरकारने गावोगावी इंजेक्शनची मोहीम चालविली. काचेच्या सिरिंजा नीट निर्जंतुक न करता पुन्हा वापरल्या गेल्या आणि लक्षावधी लोकांना हिपॅटायटिस सी झाला. हेतू चांगला होता, पद्धत चुकली. परंतु त्याच देशाने पुढे कोट्यवधी नागरिकांची तपासणी केली, लक्षावधींवर मोफत उपचार केले आणि २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्याच्या कार्याचा विशेष गौरव केला. जे माणसाच्या हातून बिघडले ते माणसाच्या हातून सुधारूही शकते.

ख्रिस्तसभेची जबाबदारी

आरोग्यसेवा हे आपल्या ख्रिस्तसभेचे फार जुने कार्य आहे. ऑस्ट्रेलियातून आलेल्या धर्मभगिनी डॉ. मेरी ग्लोव्हरी यांनी १९४३ साली भारतातील कॅथलिक रुग्णालयांची संघटना स्थापन केली. आज देशभरातील हजारो लहान-मोठ्या आरोग्यसंस्था तिच्याशी जोडलेल्या आहेत. या संस्थांवर लोकांचा विश्वास आहे. पण विश्वासाने विषाणू मरत नाही. दर्शनी भागात येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर असलेल्या रुग्णालयातही ऑटोक्लेव्हची तपासणी नियमित व्हावी लागते. आपल्या संस्थांनी इतरांपुढे आदर्श ठेवावा अशी अपेक्षा करणे मुळीच गैर नाही : शेवटच्या सफाई कामगारापर्यंत प्रत्येकाचे लसीकरण, सुई टोचल्याच्या घटनांची न घाबरता नोंद, आणि पॉझिटिव्ह रुग्णाला नकार किंवा जादा आकार नाही. चूक झालीच तर ती दडवून न ठेवता रुग्णांना कळविण्याचे धैर्यही हवे. सत्य दडपल्याने संस्थेचे नाव काही काळ वाचते, पण माणसे वाचत नाहीत.

धर्मग्रामाच्या पातळीवरही करण्यासारखे बरेच आहे. आपल्याकडे आरोग्य शिबिरे भरतात, मधुमेहाची तपासणी होते. बोटातून रक्ताचा थेंब काढण्यासाठी पेनासारखे एक साधन वापरतात. टोचणी बदलली तरी तेच पेन अनेकांना वापरल्याने हिपॅटायटिस बी पसरल्याच्या घटना परदेशांतील वृद्धाश्रमांत घडल्या आहेत. तेव्हा शिबिरात प्रत्येकासाठी एकदाच वापरायची स्वतंत्र टोचणी आणि प्रत्येक वेळी नवे हातमोजे, एवढा दंडक आयोजकांनी पाळावा. त्याच शिबिरात हिपॅटायटिसची तपासणी व लसीकरणही ठेवता येईल. आखाती देशांत जाऊ इच्छिणाऱ्या तरुणांना कर्ज काढण्यापूर्वी चाचणी करून घेण्याचा सल्ला युवक संघटनांनी द्यावा. आणि ज्याचा अहवाल पॉझिटिव्ह आला आहे, त्याच्या घरी जाऊन चहा घेणारा एक शेजारी, एक धर्मगुरू, एक धर्मभगिनी असावी. त्या चहाच्या कपातून हा रोग होत नाही, हे शब्दांपेक्षा कृतीने लवकर पटते.

२०३० सालापर्यंत विषाणूजन्य हिपॅटायटिसच्या नव्या लागणींत ९० टक्के आणि मृत्यूंत ६५ टक्के घट करण्याचे उद्दिष्ट जगाने ठरविले आहे. ते उद्दिष्ट परिषदांतील भाषणांनी साधणार नाही. ते प्रत्येक दवाखान्यात, प्रत्येक सिरिंजच्या वेळी साधायचे आहे.

लूककृत शुभवर्तमानातील दयाळू शोमरोनी माणसाचा दाखला आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्याने जखमी वाटसरूला केवळ उचलून नेले नाही. त्याच्या जखमांवर तेल व द्राक्षारस ओतून त्या बांधल्या, खर्चाची तरतूद केली आणि परत येऊन विचारपूस करण्याचे वचनही दिले. म्हणजे जखमेची काळजी, पैशाची तयारी आणि नंतरचा पाठपुरावा, हे तिन्ही त्याच्या दयेत होते. आपल्या रुग्णालयांकडून, शासनाकडून आणि स्वतःकडून आपण याहून कमी अपेक्षा का करावी? रुग्णसेवेत गुंतलेल्या सर्व डॉक्टरांना, परिचारिकांना आणि विशेषतः ज्यांची नावे कोणाला ठाऊक नसतात अशा सफाई कामगारांना संत कमिल्लस यांच्या मध्यस्थीने प्रभूचे संरक्षण लाभो, आणि त्यांच्या हातून केवळ आरोग्यच रुग्णाच्या घरी जावो, ही प्रार्थना.